घराण्यातून आलेलं बुबुळावरचं 'फूल': पीटीके लेझर करून घेताना

"आमच्याकडं बुबुळावर फूल पडतं." आजी, आई आणि धाकट्या मामाच्या डोळ्यांबद्दल घरात एवढंच बोललं जायचं. आजीनं मध घातला, गुलाबपाणी घातलं. फूल होतं तिथंच राहिलं. त्या फुलाला कॉर्निअल डिस्ट्रॉफी असं नाव आहे, ते रक्ताच्या नात्यातून उतरतं आणि त्यावर लेझरचा उपचार आहे, हे मला तेविसाव्या वर्षी कळलं. तेही चष्मा घालवायला गेले म्हणून. पुढे अडतिसाव्या वर्षी उजव्या डोळ्यावर आणि पाच महिन्यांनी डाव्यावर पीटीके करून घेतलं. फोटोथेराप्युटिक केरॅटेक्टमी असं त्याचं लांबलचक नाव, म्हणजे लेझरनं बुबुळावरचा गढूळ पापुद्रा काढणं.

ज्यांच्या घरात असं फूल आहे त्यांनी डॉक्टरांसमोर बसण्याआधी काय समजून घ्यावं, कुठले कागद जपावेत आणि घरी आल्यावर कुठलं दुखणं सोसावं, कुठलं अजिबात सोसू नये, ते इथे क्रमानं लिहिते आहे. निर्णय तुमचा डोळा पाहणाऱ्या कॉर्नियातज्ज्ञांचाच.

आधी नाव पक्कं करा

कॉर्निया म्हणजे बुबुळावरची काचेसारखी पारदर्शक चकती. मधोमध तिची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, साधारण ५२० ते ५५० मायक्रॉन. हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर. सगळ्यात वर पन्नासेक मायक्रॉनची साल असते, एपिथेलियम. ती सोलवटली तरी काही दिवसांत पुन्हा येते. तिच्याखाली पातळसा बोमन थर, मग स्ट्रोमा. जवळजवळ नव्वद टक्के जाडी या स्ट्रोमाचीच. अगदी आतल्या बाजूला एंडोथेलियम हा पेशींचा एकच पदर. कॉर्नियातलं पाणी सतत उपसून तिला स्वच्छ ठेवण्याचं काम त्याचं.

डिस्ट्रॉफी, म्हणजे कॉर्नियाला गढूळ करणारा हा घराण्यातून उतरणारा बिघाड, यातल्या कुठल्याही थरात होऊ शकते आणि लेझर चालणार की नाही हे त्यावरच ठरतं. म्हणून "कॉर्निअल डिस्ट्रॉफी" एवढंच लिहिलेला कागद घेऊन घरी येऊ नका. कुठली, ते विचारा.

आमच्या घरची ग्रॅन्युलर. पांढरे, रव्यासारखे दाणे, आणि सुरुवातीला दोन दाण्यांमधली जागा स्वच्छ असते. लॅटिसमध्ये काचेला बारीक तडे गेल्यासारख्या रेघा दिसतात. राइस-बुकलर्समध्ये बिघाड बोमन थरातच असतो आणि लहानपणापासून डोळा वारंवार सोलवटून दुखत राहतो. या तिन्हींचं मूळ पाचव्या गुणसूत्रावरच्या टीजीएफबीआय या एकाच जनुकात आहे. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला ती येण्याची शक्यता निम्मी. मुलगा-मुलगी असा भेद नाही. त्यामुळे अशा घरांत दर पिढीत कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यांत फूल सापडतं.

मॅक्युलर डिस्ट्रॉफीची गोष्ट निराळी. नावावरून फसू नका, डोळ्याच्या पडद्यावरच्या मॅक्युलाशी तिचा काही संबंध नाही. ती सोळाव्या गुणसूत्रावरच्या सीएचएसटी-६ या जनुकामुळे होते आणि आई व वडील दोघांकडूनही सदोष प्रत आली तरच उतरते. आई-वडिलांचे डोळे स्वच्छ असतात, त्यामुळे "आमच्या घरात कुणालाच नाही" असं ऐकायला मिळतं. मामाच्या मुलीशी किंवा आतेभावाशी लग्न करण्याची रीत आपल्या दक्षिण महाराष्ट्रातही आहे. अशा नात्यातल्या लग्नांत दोघांकडे तीच सदोष प्रत असण्याचा संभव वाढतो. दक्षिण भारतात ही डिस्ट्रॉफी बरीच आढळते, आणि हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत या जनुकावर काम झालेलं आहे. हिच्यात दाण्यांच्या मधली जागाही धुरकट असते, धूसरपणा कडेपर्यंत जातो आणि कॉर्निया मुळातच पातळ असते. लेझरसाठी ही अवघड गिऱ्हाईक.

फ्यूक्सची डिस्ट्रॉफी एंडोथेलियमची. सकाळी उठल्यावर धूसर आणि दुपारपर्यंत थोडं बरं, ही तिची खूण. तिथे वरून लेझर मारून मूळ दुखणं जात नाही. आतला पदर बदलण्याच्या शस्त्रक्रिया वेगळ्या आहेत.

जनुकीय तपासणी रक्तावर किंवा लाळेवर होते. सगळ्यांना ती लागेलच असं नाही, पण निदान डळमळीत असेल किंवा लग्न, मूल असे निर्णय समोर असतील तर करून घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. अहवालात १२४ किंवा ५५५ हे आकडे दिसले तर गांगरू नका. टीजीएफबीआयमधल्या नेहमीच्या बिघाडांच्या त्या जागा आहेत.

चष्मा घालवण्याचं लेझर आणि हे लेझर

तेविसाव्या वर्षी एका केंद्रात माझं लॅसिक ठरलं होतं. नंबर मोजला, जाडी मोजली, तारीख दिली. बुबुळावरच्या बारीक ठिपक्यांकडे कुणी लक्षच दिलं नाही. आईच्या आग्रहाखातर दुसरीकडे दाखवलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दिव्याच्या यंत्रावर, बराच वेळ पाहून विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे?" त्या एका प्रश्नानं माझे डोळे वाचले.

लॅसिकमध्ये कॉर्नियाची एक पातळ झडप उचलून आतला भाग तासतात. टीजीएफबीआयच्या डिस्ट्रॉफीत ही जखम म्हणजे नव्या दाण्यांना आमंत्रण. झडपेखालच्या फटीत ते दाटीनं साचतात. अ‍ॅव्हेलिनो या प्रकारात, म्हणजे ग्रॅन्युलर टाइप २ मध्ये, हे फार वाईट रीतीनं होतं, आणि त्यात तरुणपणी दोन-चारच ठिपके असल्यामुळे ते नजरेतून सुटतात. घरात कुणाच्याही बुबुळावर फूल असेल तर चष्मा घालवण्याच्या नादी लागू नका. भावंडांनाही सांगा.

गंमत अशी की पीटीकेसाठी यंत्र तेच वापरतात. एक्सायमर लेझर, १९३ नॅनोमीटरचे अतिनील किरण. ते जाळत नाहीत, रेणूंमधले बंध तोडतात आणि एका ठोक्याला साधारण पाव मायक्रॉन पेशीजाल नाहीसं करतात. न्यूयॉर्कचे स्टीफन ट्रोकेल यांनी १९८३ मध्ये कॉर्नियावर त्याचा उपयोग दाखवला. अमेरिकेत पीटीकेला १९९५ मध्ये मान्यता मिळाली. यंत्र एकच, हेतू वेगळा. लॅसिकमध्ये नंबर घालवायला आकार बदलतात. पीटीकेत वरचा गढूळ, खडबडीत पापुद्रा काढतात, तोही शक्य तितका कमी.

वेळ झाली का, हे कसं ओळखायचं

दाणे दिसतात म्हणून लेझर करायचं नसतं. माझ्या डोळ्यांत तेविसाव्या वर्षी दाणे होते आणि दृष्टी ६/६ होती. पंधरा वर्षं फक्त वर्षातून एकदा तपासणी केली आणि ती वर्षं फुकट गेली नाहीत. लेझर जितकं उशिरा, तितकी पुढच्या खेपांसाठी जाडी शिल्लक.

करायची कारणं मुख्यतः दोन. पहिलं, दृष्टी इतकी कमी होणं की रोजची कामं अडतात. यात तक्त्यावरचा आकडाच सगळं सांगत नाही. मला भरदुपारी आणि रात्री समोरून गाडी आली की सगळं पांढरं व्हायचं, फळ्यावर लिहिताना खिडकीचा उजेड सहन होत नसे. दिव्याभोवतीची ही पांढरी धुंदी डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण खोलीत अंधार करून वाचायला लावलं तर ती कळत नाही.

दुसरं, वारंवार सोलवटणं. पहाटे डोळा उघडताच कुसळ गेल्यासारखी कळ, पाणी, उजेड नको होणं. झोपेत पापणीला चिकटलेली साल डोळा उघडताना ओढली जाते. लॅटिस आणि राइस-बुकलर्समध्ये हे जास्त. आधी वंगणाचे थेंब, रात्री मलम, ५ टक्के मिठाचे थेंब, पट्टीसारखी लेन्स, हे सगळं करून पाहतात. त्यानंही थांबत नसेल तर बोमन थरावरून लेझरचा अगदी उथळ हात फिरवतात, म्हणजे नवी साल घट्ट धरते.

एक चाचणी मागून घ्या. डोळ्यावर कडक कॉन्टॅक्ट लेन्स ठेवून तक्ता वाचायला लावतात. लेन्स लावल्यावर चांगलं दिसलं, तर अडचण खडबडीत पृष्ठभागाची आहे. तरीही धूसरच राहिलं, तर गढूळपणा नडतोय. पहिल्या बाबतीत काहींचं लेन्सवरच भागतं आणि लेझर पुढे ढकलता येतं.

मायक्रॉनचा हिशेब

सगळ्यात जास्त वेळ याच संभाषणाला द्या. पीटीकेत खरा प्रश्न एकच आहे: किती खोल?

त्यासाठी दोन तपासण्या लागतात. पेंटाकॅमसारख्या यंत्रावर कॉर्नियाचा नकाशा आणि जाडी, आणि पुढच्या भागाचा ओसीटी. ओसीटीत कॉर्नियाचा उभा छेद दिसतो आणि दाणे कुठवर उतरलेत ते मायक्रॉनमध्ये मोजता येतं. स्लिट लॅम्पवरच्या अंदाजावर समाधान मानू नका. ओसीटीचं चित्र समोर ठेवून समजावून द्या, असं सांगा.

समजा जाडी ५३० आहे आणि दाट थर वरच्या १०० मायक्रॉनमध्ये आहे. त्यातले ५० तर सालीचेच, आणि साल परत येते. म्हणजे कायमचे गेले फक्त ५०. हा सौदा चांगला. आता समजा मॅक्युलर डिस्ट्रॉफी आहे, जाडी ४१० आणि गढूळपणा तळापर्यंत. इथे वरून कितीही तासलं तरी काच स्वच्छ होणार नाही आणि कॉर्निया मात्र अशक्त होईल. तळाशी स्ट्रोमाचे निदान २५० मायक्रॉन तरी राहायलाच हवेत. बरेच सर्जन त्याहून जास्त ठेवतात आणि ते योग्यच आहे. दाणे खोल असतील तर डाल्क नावाचं प्रत्यारोपण असतं. त्यात पुढचे थर बदलतात आणि तुमचं एंडोथेलियम तुमच्याजवळच राहतं.

मला हे समजायला वेळ लागला की सगळे दाणे काढायचेच नसतात. मी डॉक्टरांना म्हणाले होते, "एकदाच काय ते सगळं खरवडून टाका." त्यांनी ओसीटीवर बोट ठेवून दाखवलं. वर दाट साय होती आणि खाली सुटे दाणे. दिसण्याला आड येते ती साय. ती गेली की सुट्या दाण्यांच्या मधून उजेड आत जातो आणि माणूस छान वाचतो. खालच्या दाण्यांमागे लागून आणखी ८० मायक्रॉन घालवले तर आज थोडं बरं दिसेल, पण दहा वर्षांनी गाठीला काही उरणार नाही.

खोलीचा आणखी एक परिणाम असतो. मधला भाग तासला की कॉर्निया चपटी होते आणि नंबर प्लसकडे सरकतो. जितकं खोल, तितकं जास्त. तुमचा नंबर मायनस असेल तर थोडा फायदाच होईल. आधीच प्लस असेल तर डॉक्टरांनी कडेच्या भागावर काय योजलंय ते विचारा. पीटीकेनंतर चष्मा लागणारच, असं मनाशी धरून चाला.

आता थांबायला लावणाऱ्या गोष्टी. डोळ्यात कधी नागीण, म्हणजे हर्पिस, झाली असेल तर सांगितल्याशिवाय राहू नका. या अतिनील लेझरनं ती पुन्हा उठू शकते, म्हणून आधीपासून गोळ्या देतात किंवा लेझर टाळतात. कोरडे डोळे, पापण्यांच्या कडांची सूज, आटोक्यात नसलेली साखर, संधिवातासारखे आजार, गरोदरपण, अंगावर पाजणं, हे सगळं आधीच बोलून घ्या.

तो दिवस

दोन्ही डोळे एका दिवशी सहसा करत नाहीत. जास्त खराब डोळा आधी, दुसरा निकाल पाहून. आदल्या दिवशी केस धुवा. काजळ, अत्तर, पावडर नको, कारण वासाचे वाफारे लेझरच्या खोलीत चालत नाहीत. सोबत माणूस हवाच.

भूल थेंबांची. सुई नाही, टाके नाहीत. लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघत राहायचं. टकटक आवाज येतो आणि केस जळाल्यासारखा वास येतो. तो घाबरण्याचा नव्हे. लेझर प्रत्यक्षात मिनिट-दोन मिनिटं चालतं.

सर्जनचं कसब दिसतं ते पृष्ठभाग गुळगुळीत करण्यात. लेझर सगळीकडून सारखंच काढतं, त्यामुळे उंचवटा आणि खड्डा दोन्ही तसेच खाली सरकतात. म्हणून मध्येच दाटसर द्राव पसरतात. खड्डे भरतात आणि लेझरला फक्त उंचवटे सापडतात. भिंतीला लांबी भरून घासतात ना, तसंच काहीसं. साल लेझरनंच काढायची की हातानं खरवडून, हेही पृष्ठभाग पाहून ठरतं. शेवटी काहींना ०.०२ टक्क्यांचं मायटोमायसिन अगदी थोडा वेळ लावून धुऊन टाकतात, व्रण धरू नये म्हणून. मग पट्टीसारखी मऊ लेन्स बसवतात आणि तासाभरात घरी.

पहिले चार दिवस

याची कल्पना मला कुणी नीट दिली नव्हती, म्हणून मोकळेपणानं सांगते: दुखतं. भूल उतरली की दोनेक तासांनी सुरू होतं. आधी चुरचुर, मग डोळ्यात तिखट गेल्यासारखी आग आणि पाण्याची धार. पहिली रात्र आणि दुसरा दिवस सगळ्यात वाईट. तिसऱ्या दिवशी एकदम उतार पडतो.

दुखायला लागायच्या आधीच वेदनेची गोळी घ्या. पडदे ओढून खोली अंधारी करा. फ्रिजमधले वंगणाचे थेंब घातले की बरं वाटतं. बंद पापणीवर स्वच्छ रुमालात गुंडाळून गार पट्टी ठेवा, दाबू मात्र नका. भुलेचे थेंब घरी मागू नका आणि ओळखीच्या औषधाच्या दुकानातूनही आणू नका. त्यांनी कळ थांबते, पण साल भरत नाही, आणि कॉर्निया विरघळण्यापर्यंत पाळी येऊ शकते.

लेन्स निसटली तर स्वतः परत घालू नका, फोन करा. डोळा चोळू नका. रात्री प्लॅस्टिकची जाळी चिकटपट्टीनं लावा, कारण झोपेत हात जातोच. डोक्यावरून आंघोळ आठवडाभर नको.

दुखणं रोज कमी व्हायला हवं. कमी झालेलं पुन्हा वाढलं, पिवळा स्राव आला, बुबुळावर पांढरा ठिपका उठला किंवा दिसणं आणखी घसरलं, तर सकाळची वाट बघत बसू नका. तो जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्यात तासांचा हिशेब असतो.

साल साधारण तीन ते पाच दिवसांत मिटते, कधी आठवडा लागतो. ती मिटली की डॉक्टर लेन्स काढतात.

पुढचे तीन महिने

लेन्स काढल्या दिवशी मला रडू आलं, कारण आधीपेक्षाही धूसर दिसत होतं. हे असंच असतं. नवी साल ओबडधोबड असते, ती हळूहळू सपाट होते. दुसऱ्या आठवड्यात बसच्या पाट्या वाचता आल्या. तिसऱ्या महिन्यात नंबर स्थिर झाला आणि तेव्हाच चष्मा केला. घाईनं चष्मा केलात तर पैसे वाया जातील.

अँटिबायोटिकचे थेंब लवकर थांबतात, स्टेरॉइडचे मात्र आठवड्यांनी कमी करत नेतात. ते मनानं थांबवले तर व्रणाचा धूसरपणा धरू शकतो, आणि मनानं चालू ठेवले तर डोळ्यातला दाब वाढू शकतो. दाब वाढलेला कळत नाही, म्हणून मोजून घेण्याची तारीख चुकवू नका. दुसरा थेंब घालायच्या आधी पाच मिनिटं जाऊ द्या.

उन्हात अतिनील किरण अडवणारा गॉगल, निदान पहिले काही महिने. दुचाकीवर तर संध्याकाळीही डोळे झाकणारा चष्मा. महिनाभर पोहणं नाही, आणि मिरवणुकीतला गुलाल किंवा रंगपंचमी त्या वर्षी लांबूनच बघा.

परत येतं तेव्हा

लेझर जनुक बदलत नाही. दाणे ज्या प्रथिनाचे बनतात ते बहुतांशी एपिथेलियममधूनच येतं, आणि ती साल तर आपलीच असते. त्यामुळे काही वर्षांनी धूसरपणा पुन्हा धरू लागतो. कुणाला लवकर, कुणाला उशिरा. राइस-बुकलर्समध्ये तो लवकर येतो. डोळा दान घेऊन प्रत्यारोपण केलं तरी नव्या कॉर्नियावर तो येतो. मामाचं तसंच झालं, आणि त्याच्या प्रत्यारोपित कॉर्नियावर पीटीके करावं लागलं.

यात बरी बाजू अशी की परत आलेला थर सहसा वरवरचा असतो, त्यामुळे पुन्हा उथळ लेझर चालतं. पहिल्या वेळी वाचवलेले मायक्रॉन इथे कामी येतात. आपल्याकडे दान मिळणाऱ्या डोळ्यांची टंचाई आहे. प्रत्यारोपण दहा-पंधरा वर्षं लांबलं तरी ते मोठं आहे.

जपून ठेवायचे कागद

विम्यासाठी कागदावर "कॉर्निअल डिस्ट्रॉफी, उपचारात्मक पीटीके" असं स्पष्ट लिहून घ्या. ७.५ पेक्षा कमी नंबर घालवण्याचा खर्च आपल्याकडचे आरोग्यविमे देत नाहीत. नुसतं "एक्सायमर लेझर" लिहिलं तर दावा त्या खात्यात जाऊन पडतो. मंजुरी आधीच मागा.

लेझरच्या आधीचा कॉर्नियाचा नकाशा, आधीचा नंबर आणि किती मायक्रॉन काढले त्याची नोंद जन्मभर सांभाळा. पुढे मोतीबिंदू झाला की भिंगाचा नंबर कॉर्नियाच्या वक्रतेवरून काढतात. पीटीकेनं ती बदललेली असते आणि नेहमीचं गणित चुकतं. मोतीबिंदू करणाऱ्या डॉक्टरांना हे न विचारताही सांगा. मोतीबिंदू आणि दाट डिस्ट्रॉफी दोन्ही एकाच वेळी असतील तर बहुधा आधी पीटीके, डोळा स्थिरावल्यावर मोतीबिंदू. आईचं याच क्रमानं झालं.

मुलांना शाळेत जायच्या वयात एकदा कॉर्नियातज्ज्ञांना दाखवा, पापण्या आणि पडदा ठीक असले तरी. ग्रॅन्युलरचे दाणे लहानपणीच दिसू लागतात. माझी लेक नऊ वर्षांची आहे. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत स्लिट लॅम्पवर तिच्या डाव्या डोळ्यात तीन ठिपके सापडले, उजव्यात एक. दृष्टी ६/६. डॉक्टरांनी फोटो काढून तारीख घातली आणि तिच्या नावाची नवी फाइल उघडली. ती आता माझ्या फाइलशेजारी कपाटात आहे.